मोकळी सोडलेली पात

डॉ. यमुना पाटील यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावे असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा पहिले काही दिवस मी चक्क टाळाटाळ केली. मॅडमविषयी खरे लिहायचे तर आधी स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि ती गोष्ट आजवर त्यांच्या-माझ्याशिवाय महाविद्यालयात कुणालाही ठाऊक नाही. शेवटी मॅडमनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा. नुसतं गोडगोड छापून आलं तर लोकांना वाटेल, मी गेलेच." तेव्हा हे त्यांच्या परवानगीने लिहितो आहे.

मी त्यांना प्रथम पाहिले ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मी डोंगरातल्या काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेलो, तिथून वसतिगृहात आणि तिथून या सपाटीवरच्या महाविद्यालयात. घर म्हणजे सुट्टीत जायची जागा, एवढाच माझा घराशी संबंध. मॅडम कळसाडीच्या, कापूस-ऊस पिकवणाऱ्या घरातल्या. वर्गात त्यांची मराठी अगदी छापील, पण राग आला किंवा जीव कळवळला की थेट अहिराणी सुरू. वर्गातल्या मुलांनी या दोन्हींमधला फरक फार लवकर ओळखला होता.

पहिल्या तासाला त्या आल्या त्या हातात फुटाण्यांची पिशवी घेऊन. आम्हाला समोरासमोर जोड्या करून बसवले आणि प्रत्येकाला मूठभर फुटाणे दिले. खेळ सोपा होता. दहा पाळ्या. प्रत्येक पाळीला समोरच्याला एक फुटाणा द्यायचा किंवा मूठ मिटून ठेवायची. जो फुटाणा दिला जाईल त्यावर मॅडम आणखी एक घालणार, म्हणजे दोघे देत राहिले तर दोघांचीही चंगळ. पहिल्या दिवशी नुसती हसाहशी चालली होती. नऊ पाळ्या सगळ्यांनी दिले आणि दहाव्या, शेवटच्या पाळीला सगळ्यांनी मुठी मिटल्या, कारण त्यानंतर कोण परत देणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. दहावी फुकट जाणार हे आता कळले होते, म्हणून नववीलाही कुणी देईना, आणि मग आठवीलाही. तिसऱ्या दिवशी पहिल्याच पाळीला सबंध वर्गाच्या मुठी मिटलेल्या.

त्या दिवशी कुणी हसले नाही. माझ्यासमोर माझा खोलीतला मित्र बसला होता, सकाळी माझ्याच ताटात जेवलेला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे, आणि दुसऱ्याची मूठ उघडणार नाही हे दोघांनाही पक्के माहीत होते. भर दुपार होती, डोक्यावर पंखा फिरत होता, आणि एकही मूठ उघडत नव्हती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खेळ तोच आहे. मुलंही तीच आहेत. फक्त शेवटची पाळी कोणती, ते तुम्हाला कळलंय." मग पिशवीतले उरलेले फुटाणे त्यांनी सगळ्यांना वाटून टाकले.

मॅडमचे संशोधन हे असे आहे. माणसे एकमेकांना कधी देतात आणि कधी मूठ मिटतात हा अर्थशास्त्राचा प्रश्न. त्या वागण्याचे नियम संगणकाला शिकवायचे, त्यात एखादे गाव वसवायचे आणि पुढच्या हंगामांत ते टिकते की विस्कटते ते बघायचे, हे संगणकशास्त्राचे काम. या दोन विषयांच्या बांधावर मॅडम जन्मभर उभ्या राहिल्या. संगणकवाले त्यांना अर्थशास्त्राच्या समजत आणि अर्थशास्त्रवाले संगणकाच्या. दोन्ही विभागांत त्यांचे तास असत आणि दोन्ही विभागांत त्यांना बसायला खुर्ची नसे. पेपर तपासायला त्या जिन्याखालच्या टेबलावर बसत. त्याबद्दल त्यांना कधी वाईट वाटलेले मी पाहिले नाही, मला मात्र अजूनही वाटते.

त्यांचा एक हट्ट होता. संगणकातले गाव काहीही सांगो, खरे गाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या कशावरही विश्वास ठेवत नसत. एका विद्यार्थ्याने धानोऱ्याच्या भाजीवाल्या बायकांवर काम केले होते. त्याचा संगणक सांगत होता की या बायका एकमेकींपासून लांब लांब बसतील, म्हणजे गिऱ्हाईक वाटले जाईल. मॅडमनी त्याला महिनाभर धानोऱ्याला बसवले. बायका एकमेकींना खेटून बसत होत्या, कारण एकीला उठायचे झाले की दुसरी तिची टोपली आणि तिचे मूल दोन्ही सांभाळत होती. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुझ्या बायकांना मुलंच नाहीत, म्हणून त्या लांब बसतात." तो हट्ट एकदाच त्यांच्याकडून सुटला, आणि तोही माझ्यामुळे.

आता माझ्या गोष्टीकडे येतो. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागलो. विषय त्यांनीच सुचवला. सपाटीवर ज्याला सावड म्हणतात, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात राबायचे आणि उद्या मी तुमच्या, त्याला आमच्याकडे डोंगरात लाहा म्हणतात. तो अजून चालतो. कोणी पत्रक काढत नाही, कोणी हजेरी घेत नाही, तरी चालतो. तो का चालतो, आणि किती दिवस चालेल, हे शोधायचे होते. पाडा माझा, बोली माझी, म्हणून माहिती गोळा करायला मॅडमनी मला एकट्यालाच पाठवले. घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा: गेल्या निंदणीला, गवत काढायला, तुमच्या शेतात लाह्याला कोण कोण आले होते?

शेहेचाळीस घरे होती. पहिल्याच घरात रायसिंगकाकांनी नावे सांगायला सुरुवात केली. रायसिंगकाका म्हणजे पाड्याचे कारभारी, माझ्या वडिलांचे जोडीदार. त्यांनी चार-पाच नावे सांगितली आणि मग त्याच आवाजात म्हणाले, "ओल्या आला होता."

ओल्या म्हणजे माझे वडील. मी आठवीत असताना ते गेले. निरोप वसतिगृहात पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते.

माझी पेन्सिल थांबली. काका माझ्याकडे बघून नेहमीसारखेच म्हणाले, "लिही की. तुझा बाप नेहमी पहिला येतो." पुढच्या घरातही तेच. तिसऱ्या घरात आणखी एका म्हातारीचे नाव आले, जिच्या दहाव्याचे जेवण मी लहानपणी जेवलो होतो. कुणी आवाज खाली आणला नाही, कुणी आभाळाकडे बघितले नाही. जिवंत माणसांच्या मधोमध, ओळीने, अशी अकरा नावे माझ्या कागदावर जमा झाली. परतीच्या जीपमध्ये ते कागद मी मांडीवर घेतले नाहीत, पिशवीत घालून पायाशी ठेवले.

वसतिगृहात आल्यावर मी ती अकरा नावे खोडली. का, ते स्पष्टच सांगतो. लाज वाटली. मॅडम शिकलेल्या, त्यांचा लेख देशोदेशीचे लोक वाचणार, आणि त्यात माझ्या पाड्यावरची माणसे सांगणार की मेलेली माणसे निंदायला येतात. मला वाटले, मी गावाची अब्रू झाकतो आहे. आमच्या शास्त्रात याला 'माहिती स्वच्छ करणे' म्हणतात, आणि हा शब्द त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला. माझ्या बापाच्या नावापुढे मी 'चुकीची नोंद' असे लिहिले.

मॅडमनी आणि मी मिळून गाव वसवले. पडद्यावर शेहेचाळीस घरे आणि त्यांत माणसांचे ठिपके. सतरा नंबरचे घर आमचे, त्यात एकच ठिपका, माझी आई. नियम साधा होता: जो माझ्याकडे येतो आणि पुढेही येईलसे दिसते, त्याच्याकडे मी जातो. हंगाम सुरू झाला की ठिपके घरांतून निघत, एकाच्या शेतात जमत, मग दुसऱ्याच्या. पहिले काही हंगाम पडदा नुसता गजबजलेला असायचा. मग एका हंगामात सतरा नंबरच्या शेतात कुणीच गेले नाही. म्हातारी, एकटी, फार दिवस परतफेड करू शकणार नाही. संगणकाने सरळ हिशेब केला होता. पुढच्या हंगामात दुसऱ्या म्हाताऱ्यांची शेते सुटली, मग अधूंची, मग सगळ्यांचीच. शेवटी शेहेचाळीस घरांतले सगळे ठिपके आपापल्या दारात उभे राहिले आणि हलेनात. हंगाम मात्र पडद्याच्या कोपऱ्यात बदलत राहिले.

कितीही वेळा चालवले तरी असेच होई. प्रयोगशाळेत पडदे ओढलेले असत, बाहेर मुलांचा गलका चालू असे, आणि आत ते गाव निश्चल. मला ते बघवत नसे, म्हणून मी आकडे तेवढे उतरून घेई. आईच्या शेतात कुणी फिरकू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नाही.

लाहा थोड्याच वर्षांत संपणार, असा आमचा लेख झाला. तो एका मोठ्या परिषदेत स्वीकारला गेला. मॅडमची प्राध्यापकपदाची मुलाखत जवळ आली होती आणि तिच्यात या लेखाला फार वजन असणार होते. सगळे अभिनंदन करत होते. मॅडम मात्र रोज दुपारी त्या पडद्यासमोर जाऊन बसत. एके दिवशी त्यांनी मला बोलावले.

"जयवंत, तुझ्या पाड्यावर लाहा बंद पडलाय?"

"नाही, मॅडम."

"तुझ्या आईच्या शेतात लोक येतात?"

"येतात."

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवले. "मग हे कोणाचं गाव आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने पाड्याकडे निघालो.

निंदणीचे दिवस होते. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील, पण ढग डोंगरावरून खाली, थेट ज्वारीत उतरला होता. आमचे शेत उताराचे. आईच्याच शेतात त्या दिवशी लाहा होता. निंदताना प्रत्येकजण एक ओळ धरतो आणि ती शेवटपर्यंत नेतो. तिला पात म्हणतात. माणसे ओळीने खाली बसून उतारावर वर सरकत होती, पाठीमागे काळी स्वच्छ जमीन आणि पुढे गवत. ढगामुळे ओळीची दोन्ही टोके दिसत नव्हती. मॅडम बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"ती पात मोकळी का सोडली आहे?" त्यांनी विचारले.

तेव्हा माझे लक्ष गेले. रायसिंगकाका आणि त्यांच्या उजवीकडची बाई यांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा होती. ओळ वर सरकत होती तशी ती जागाही सरकत होती, मागेही पडत नव्हती आणि पुढेही जात नव्हती. त्या जागेच्या पुढे गवत होते. मी मागे बघितले. मागे गवत नव्हते.

मी आजही म्हणतो की शेजारच्या दोघांनी अर्धी-अर्धी पात काढली असणार. मॅडमही असेच म्हणतात. पण मी डोळे फाडून बघत होतो आणि त्या दोघांचा हात त्या पातीत जाताना मला एकदाही दिसला नाही. मग ढग आणखी दाटला आणि माणसे दिसेनाशी झाली. ऐकू येत होता फक्त खुरप्यांचा आवाज, गवत कापल्याचा, एकामागून एक. माणसे किती ते मला माहीत होते. मी आवाज मोजायला लागलो. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मोजू नको," त्या म्हणाल्या.

जन्मभर आम्हाला मोजायला शिकवणाऱ्या मॅडम. मी मोजणे थांबवले. ढग उचलला तेव्हा ओळ उताराच्या माथ्यावर पोहोचली होती आणि सगळ्या पाती सारख्या स्वच्छ होत्या.

दुपारी मोहाच्या झाडाखाली सगळे भाकरी खायला बसले. मॅडमनी माझ्या आईला विचारले, आज कोण कोण आले? आईला मराठी येत नाही, मॅडमना आमची बोली येत नाही, मधे मी. आईने बोटांवर नावे सांगितली आणि मी ती मॅडमना सांगत गेलो. मी थांबलो तेव्हा मॅडमनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"नावाचं भाषांतर करावं लागत नाही, जयवंत. त्यांनी सगळ्यात आधी एक नाव घेतलं, ते तू सांगितलं नाहीस." आणि मग त्यांची भाषा बदलली. "ओल्या कोन शे रे?"

"माझे वडील."

"आते कुठे शेतस त्या?"

मग मी सगळे सांगितले. अकरा नावे, पेन्सिल, वसतिगृह, लाज, 'चुकीची नोंद'. आई समोर बसून भाकरी खात होती आणि मी काय कबूल करतो आहे यातले तिला अक्षरही कळत नव्हते. मॅडम रागावतील, हाकलून देतील, असे मला वाटत होते, आणि तसे त्यांनी केले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"आन् तुन्हं नाव? शेहेचाळीस घरेसम्हा तुन्हं नाव कोनी सांगं?"

कुणीच नाही. मी ते सगळे कागद स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. गेलेला बाप घराघरात येत होता, आणि मी, धडधाकट, जिवंत, कुणाच्याही शेतात कधी गेलो नव्हतो. मला रडू आले आणि ते मी लपवले नाही.

दुपारनंतर रायसिंगकाकांच्या शेतात लाहा होता. मॅडमनी पदर खोचला, कुणाचे तरी जादा खुरपे मागून घेतले आणि ओळीत बसल्या. शेतकऱ्याची लेक, हाताला सगळे आठवत होते. त्यांच्यामागे मीही गेलो. ओळीत एक जागा रिकामी दिसली, तिथे बसलो. रायसिंगकाकांनी मला दंडाला धरून उठवले.

"तिथे बसलाय तो," ते म्हणाले. "तू पलीकडची घे."

मी पलीकडची घेतली. संध्याकाळपर्यंत माझ्या डाव्या बाजूला ती जागा होती. मी त्या बाजूला मान वळवली नाही. माझे हात सपाटीवरचे झाले होते, फोड आले, पण माझी पात एकदाही मागे पडली नाही.

परत आल्यावर मॅडमनी परिषदेला पत्र लिहून लेख मागे घेतला. 'माहितीतील अकरा नावे गाळली गेली, त्यामुळे निष्कर्ष टिकत नाही. जबाबदारी माझी,' एवढेच त्यात होते. माझे नाव कुठेही नव्हते. त्यांची ती मुलाखत हातची गेली आणि प्राध्यापकपद मिळायला पुढे बरीच वर्षे लागली. त्या काळात लोकांनी 'पाटील मॅडमचा आकड्यांत गोंधळ असतो' असे म्हणायलाही कमी केले नाही. मी एकदा हट्टाने म्हणालो, चूक माझी होती, मी सगळ्यांसमोर सांगतो. मॅडम कडाडल्या, "सही मन्ही व्हती. गाव न देखता मी सही करी. तुले काय सांगनं शे ते पाड्यावर जाईसन सांग." तेव्हापासून दर निंदणीला मला आठ दिवस सुट्टी मिळू लागली. कागदावर ती क्षेत्रकार्याची असे, आमच्या दोघांत तिचे नाव लाह्याची रजा.

मग ती अकरा नावे पडद्यावर परत आली. त्यांना ठिपके द्यायचे की नाही, असे मी विचारले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "गावाने दिलेत. आपण कोण न देणारे?" सतरा नंबरच्या घरात आता दोन ठिपके होते. आम्ही गाव चालू केले. हंगाम गेले, आणखी हंगाम गेले, आणि गाव थांबले नाही. कुणाचेही शेत सुटले नाही, आईचेही नाही. फुटाण्यांचा खेळ मला त्या दिवशी खरा कळला. माझ्या पाड्यावर शेवटची पाळीच नाही. माणूस गेला तरी त्याने केलेले येणे-जाणे चालू राहते, त्यामुळे मूठ मिटायची वेळ कुणावर येतच नाही. त्यावर जो लेख झाला तो आज जगभर वाचला जातो आणि या ग्रंथात इतरांनी त्याविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिले आहे.

त्या लेखात नसलेली एक गोष्ट मात्र इथे सांगतो. हंगामाच्या सुरुवातीला घरातून पहिला कोण निघेल, हे आम्ही ठरवले नव्हते; संगणक दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही ठिपका निवडत असे. त्या दिवशी आम्ही गाव तीनदा नव्याने सुरू केले. तिन्ही वेळा पहिला ठिपका सतरा नंबरच्या घरातून निघाला. आईचा नव्हे, दुसरा. मॅडमनी खुर्ची मागे घेतली. पुढचे दोन दिवस त्यांनी सबंध प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला आणि त्यात काहीही सापडले नाही.

"तीनदा होणं हा योगायोग असतो," त्या म्हणाल्या. "लेखात लिहायचं नाही." दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "घरी सांगितलंस तरी चालेल."

मी आईला सांगितले. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले आणि म्हणाली, "तो नेहमी पहिलाच जायचा."

मॅडमच्या आणखी कितीतरी गोष्टी सांगता येतील. माझ्या लग्नात त्या पाड्यावर पायी चढून आल्या. जिन्याखालचे ते टेबल मला इथेच नोकरी लागली तेव्हा पुसून, नवा कागद अंथरून त्यांनी माझ्या हवाली केले. पण गेल्या निंदणीला जे झाले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मॅडमचे गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत, म्हणून दर वर्षी माझ्याबरोबर येणाऱ्या त्या या खेपेला पहिल्यांदाच आल्या नाहीत. मी नेहमीप्रमाणे गेलो. आईच्या शेतात ओळ लागली. वडिलांची पात मोकळी होती, तिची मला आता सवय झाली आहे. पण तिच्या शेजारी आणखी एक पात मोकळी होती.

मी ओळीतले चेहरे बघायला लागलो. कोण गेले? मला कुणी कळवले कसे नाही? सगळे होते. एकूण एक जण होता. रायसिंगकाका आता फार थकले आहेत, बांधावरच बसून असतात. मी त्यांना विचारले, ही दुसरी कुणाची?

"तुझ्या मास्तरीणबाईंची," ते म्हणाले.

मी खुरपे तिथेच टाकले. पाड्यावर फोनला रेंज फक्त माथ्यावरच्या खडकापाशी येते. मी उभ्या उतारावर धावत सुटलो. काका मागून ओरडून काहीतरी सांगत होते, ते ऐकायला मी थांबलो नाही. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. त्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. मग पलीकडून आवाज आला.

"काय झायं रे? दमेल का शे इतला?"

त्या मेथी निवडत होत्या. मी खडकावर बसलो. मग कसेबसे सांगितले की तुमची पात सोडली आहे. पलीकडची मेथी निवडण्याची खसखस थांबली. मी घाबरून म्हणालो, मॅडम, तसे काही नाही, काका मागून ओरडून सांगत होते ते मला आत्ता कळते आहे. इथे एकदा जो लाह्याला आला त्याची जागा राहते, मग तो लांब असो, आजारी असो, काहीही असो. ते असा भेद करत नाहीत. तुम्ही ओळीत बसत होता, म्हणून.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी संशोधकासारखा एकच प्रश्न विचारला.

"पात साफ व्हयनी का?"

मी खडकावरून खाली बघितले. ओळ माथ्याजवळ आली होती. पाठीमागे सगळी जमीन काळी, सारखी, स्वच्छ.

"झाली."

"कोनी करी?"

खाली माणसे पाठ सरळ करत उठत होती. मी सगळ्यांकडे बघितले आणि मग जे दिसले ते सांगितले.

"तुम्ही, मॅडम."

मॅडमना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांत बळ येवो, पुढच्या निंदणीला त्यांनी डोंगर चढून यावे आणि आपल्या पातीत स्वतः बसावे, ही त्यांच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वतीने प्रार्थना. त्या शंभर वर्षांच्या होवोत. आणि त्यानंतरचे विचाराल, तर पाड्यावर कोण कोण आले ते लिहून घेणारा मी आहे, आणि मी आता नावे खोडत नाही.